हाल्वर स्टेनरूडची जागा

मेलेला माणूस आमदार राहू शकत नाही, हे आमच्या राज्यघटनेत लिहिलेलं आहे. पण मेलेला माणूस समितीचा सदस्य राहू शकत नाही, असं आमच्या पक्षाच्या नियमांत कुठेही लिहिलेलं नव्हतं. एकोणीसशे त्रेपन्नच्या जानेवारीत हे आम्हाला कळलं, आणि तेसुद्धा माझ्या चुकीमुळे.

मी पक्षाच्या नेमणूक समितीचा कारकून होतो. कोणत्या आमदाराने कोणत्या समितीवर बसायचं हे ठरवणारी ही सात जणांची समिती. लोकांना वाटतं की राज्य घुमटाखालच्या त्या मोठ्या सभागृहात चालतं. तिथे नुसती भाषणं चालतात. विधेयक जगतं किंवा मरतं ते समितीत, आणि समितीत कोण असणार हे दुसऱ्या मजल्यावरच्या आमच्या मागच्या खोलीत, कॉफीच्या पेल्यांभोवती ठरतं. पद्धत अशी की आधी जुन्यांनी आपापल्या जुन्या जागा राखायच्या, मग रिकाम्या जागा ज्येष्ठतेने वाटायच्या, आणि तळाला काही उरलंच तर ते नव्यांचं.

मी दर अधिवेशनाला मागची यादी समोर ठेवून नवी टंकायचो. हरलेले गाळायचे, मेलेले गाळायचे, बाकी तसंच. त्या वर्षी हरलेले गाळले. हाल्वर स्टेनरूड मात्र नोव्हेंबरात निवडून आला होता आणि डिसेंबरात गोठ्यात दूध काढता काढता गेला होता. चोवीस वर्षं माझी बोटं 'पाणी समिती' या मथळ्याखाली त्याचं नाव मारत आली होती, त्यांनी याही वेळी मारलं. सातही जण 'जुने सगळे तसेच' म्हणून मोकळे झाले. दुसऱ्या दिवशी पक्षाच्या बैठकीत सगळ्यांनी हात वर केले. मंजूर.

आता तुम्ही म्हणाल, एवढं काय त्यात, खोडायचं नाव. मीही तेच म्हणालो होतो.

महिनाअखेरीस ल्युएला व्हॉस आल्या. हाल्वरच्या जागी पोटनिवडणुकीत निवडून आलेल्या. टॅनर्स बेंड नावाच्या गावात त्यांनी एकोणीस वर्षं टपाल कचेरी चालवली होती, त्यामुळे गावात कुणाला कुणाची पत्रं येतात हे त्यांना पाठ, आणि तोंडातून मात्र एक अक्षर बाहेर पडायचं नाही. अशी बाई राजकारणात फार धोकादायक. त्या निवडून आल्या ते एकाच कामासाठी. नदीवर धरण बांधायचं विधेयक पाणी समितीपुढे होतं, आणि ते धरण झालं असतं तर टॅनर्स बेंड, चारशे बारा माणसं, शाळा, चर्च आणि चर्चमागची दफनभूमी यांसकट पाण्याखाली जाणार होतं.

पाणी समितीत नऊ जागा. जिवंत आठांपैकी चार धरणाच्या बाजूचे, चार विरुद्ध. बरोबरी झाली तर समितीच्या अध्यक्षाला जादा मत, आणि तो अध्यक्ष धरणाचा. नवव्या जागेवर ल्युएला बसल्या असत्या तर धरण तिथेच संपलं असतं. त्या नवव्या जागेवर माझ्या कृपेने हाल्वर होता.

आमच्या नेमणूक समितीचा प्रमुख लायमन प्रॅट. गुलाबी चेहऱ्याचा, सदा तोंडात पेपरमिंटची गोळी. त्याला धरण हवं होतं. का हवं होतं ते विचारू नका, त्याला नेहमी काहीतरी हवं असायचं. माझी चूक त्याने एका मिनिटात दुरुस्त करायला हवी होती. त्याऐवजी त्याने खिशातून नियमांचं पुस्तक काढलं.

"बाई, मला तुमचं अगदी पटतं हो," तो म्हणाला. "पण नियम सहा. पक्षाने मंजूर केलेली जागा अधिवेशन संपेपर्यंत हलत नाही. सदस्याने स्वतः या समितीपुढे येऊन, स्वतःच्या तोंडाने सोडली तरच."

"तो सदस्य मेलाय."

"नियमात तसा अपवाद नाही. आता मी काय करणार?" मग माझ्याकडे वळून म्हणाला, "ऑगस्ट, हाल्वरला नोटीस काढ बरं. गुरुवार, सकाळी दहा. वेळ पाळणारा माणूस होता, येईल."

बाकीचे सहा जण पोट धरून हसले. मीही थोडा हसलो, नोकरीचा भाग म्हणून.

बाई बाहेरच्या व्हरांड्यात माझी वाट पाहत उभ्या होत्या. नोटीस कधी काढणार म्हणून विचारलं. मी म्हटलं, बाई, ती थट्टा होती.

"थट्टा त्यांनी आपसात केली," त्या म्हणाल्या. "तुम्हाला दिला तो हुकूम."

टपाल कचेरीतल्या माणसापुढे वाद घालू नये. मी नोटीस टंकली, पाकिटात घातली आणि आमदारांच्या टपालाच्या खणांमध्ये हाल्वरच्या नावाच्या खणात सरकवली. त्या खणावरची पितळी पट्टी अजून कुणी काढली नव्हती.

दुसऱ्या दिवशी सकाळी पाकीट नव्हतं. त्या जागी पोचपावती होती. सही हाल्वरची, ती तिरकी, दमून भिंतीला टेकल्यासारखी. प्रॅटच्या माणसांपैकी कुणीतरी खोडी काढली असणार, असं मी स्वतःला दोनदा सांगितलं. पण पावतीच्या कोपऱ्यावर अंगठ्याचा ठसा होता, काळ्या ओल्या मातीचा, आणि तो अजून वाळला नव्हता. बाहेर जमीन लोखंडासारखी गोठलेली. हाल्वरची कबर खणायची तर गावकऱ्यांना दोन दिवस त्या जागेवर जाळ करावा लागला होता. मग ओली माती जानेवारीत मिळते कुठे?

पावती मी प्रॅटला दाखवली नाही. फायलीला लावली. कारकुनाने घाबरायचं ते फाईल बंद केल्यावर.

गुरुवारी दहा वाजता खोलीत सात जण, भिंतीलगत ल्युएला व्हॉस आणि कोपऱ्यातल्या टेबलाशी मी. बाहेर ऊन बर्फावरून डोळ्यांत जात होतं. प्रॅट मोठ्या रंगात होता. आपली खुर्ची सोडून खिडकीपाशी गेला, घड्याळ काढलं आणि कोर्टातल्या शिपायासारखी आरोळी दिली, "हाल्वर स्टेनरूड हजर आहेत?"

हाल्वरला बोलण्याआधी दोनदा खाकरायची सवय होती. टेबलाच्या दुसऱ्या टोकाकडून कुणीतरी दोनदा खाकरलं.

"हजर," आवाज म्हणाला.

तिथे कुणीही नव्हतं. एक रिकामी खुर्ची होती, तिची कातडी बैठक मधोमध खचलेली. ओल्या लोकरीच्या कोटाचा वास आला, गोठ्याचा आला, आणि त्यांच्या खाली आणखी एक वास होता ज्याचं नाव मी घेत नाही. कुणी पळालं नाही. लोक विचारतात की पळालात का नाहीत. पायांना विचारा.

प्रॅट शेवटी प्रॅटच. पेपरमिंट गालात दाबून त्याने पुस्तक उघडलं. जागा सोडतोस का, असं विचारताना त्याचा आवाज एखाद्या पोरीसारखा बारीक झाला होता.

"सोडतो," आवाज म्हणाला. "नियम नऊ लिहून घे, ऑगस्ट."

माझं नाव त्या तोंडून ऐकून माझ्या मानेवरचे केस उभे राहिले, पण नियम नऊ मला पाठ होता. आपली जुनी जागा राजीखुशीने सोडणाऱ्याला मोबदल्यात त्याच्या पसंतीची कोणतीही रिकामी जागा, सगळ्यांच्या आधी. ज्येष्ठांनी नव्यांसाठी वाट मोकळी करावी म्हणून केलेला नियम. आजवर एकाही ज्येष्ठाने तो वापरला नव्हता.

"कुठली हवी?" प्रॅटने विचारलं.

"तुझी."

"माझी रिकामी नाही."

"तू उभा आहेस, लायमन."

प्रॅट झेपावला. खिडकीपासून खुर्चीपर्यंत चार पावलं. पण गालिचावर टेबलाच्या त्या टोकापासून या टोकापर्यंत काळे ओले ठसे उमटत आले, घाई न करता, एका पुढे एक, आणि प्रॅट टेकला न टेकला तोच ताडकन उठला. कुणाच्या मांडीवर बसल्यासारखा. चेहऱ्यावरचा गुलाबी रंग पार उतरून गेला होता.

"यात कुणीतरी आहे," तो म्हणाला. कुणाला उद्देशून, देव जाणे.

तरी त्याने हार मानली नाही, हे त्याच्या बाजूने सांगायलाच हवं. भिंतीला पाठ लावून, घाम पुसत म्हणाला की पाणी समितीची जागा आता रिकामी झाली, तेव्हा तिथे एमेट कोलारचं नाव लिही. कोलार त्याचा माणूस, ऊठ म्हटलं की उठणारा. मी पेन उचललं, आणि मग मला स्वतःलाच नवल वाटावं असं माझ्या तोंडून निघालं.

"साहेब, नियम अकरा. नाव सुचवायचं ते प्रमुखाच्या खुर्चीत बसून. उभ्याने चालत नाही."

प्रॅटने माझ्याकडे पाहिलं. मग खुर्चीकडे पाहिलं. तो बसला नाही.

खुर्चीतून दोनदा खाकरल्याचा आवाज आला.

"ल्युएला व्हॉस," आवाज म्हणाला. "पाणी."

मतदान हात वर करून होतं. सगळ्यात म्हाताऱ्या सदस्याने आधी हात वर केला, मग एकेक करत सगळ्यांनी. प्रॅटचाही हात वर गेला. त्याने तो वर केला की कुणी मनगट धरून केला, ते मला नक्की सांगता येत नाही, पण त्याच्या पांढऱ्या बाहीवर मातीचा डाग होता तो मी पाहिला. बाई भिंतीलगत ताठ उभ्या होत्या. खुर्चीकडे पाहून त्यांनी नुसती मान हलवली, गावातल्या रस्त्यावर ओळखीचं माणूस दिसल्यावर हलवावी तशी.

पुढच्या मंगळवारी पाणी समितीत धरण मताला आलं. चार 'हो', चार 'नाही', आणि नववं नाव पुकारलं तेव्हा ल्युएला व्हॉस 'नाही' म्हणाल्या. पाच विरुद्ध चार. सगळ्याला दोन मिनिटंही लागली नाहीत.

टॅनर्स बेंडमध्ये त्या रविवारी चर्चच्या तळघरात जेवण होतं. बायकांनी मांस-बटाट्याची मोठमोठी भांडी आणली होती, पुरुष तिसऱ्यांदा कॉफी घेत होते, आणि जो तो बाईंना विचारत होता की ती जागा मिळवली तरी कशी. बाई म्हणत होत्या, नियमाप्रमाणे. मलाही बोलावणं होतं. जेवण झाल्यावर त्या मला चर्चमागे घेऊन गेल्या. हाल्वरला सांगायचं होतं त्यांना, की काम झालं, आता निवांत पड.

सगळ्या कबरींवर गुडघाभर बर्फ होतं. हाल्वरच्या कबरीवर नव्हतं. तिथली माती काळी, ओली आणि हातभर खाली खचलेली होती, उठून गेलेल्या माणसाच्या अंथरुणासारखी.

"इथे नाहीये तो," मी म्हटलं. "अजून बसलाय."

बाईंनी वाकून त्या मातीला हात लावला. मग त्यांनी विचारलं, त्याला बोलावून आणता येईल का. मी त्यांना खरं तेच सांगितलं. हाल्वरने ती जागा स्वतःच्या तोंडाने सोडायला हवी, आणि धरणाचं विधेयक पुढच्या अधिवेशनात परत येणार होतं.

आलंही. एकदा नाही, सहा वेळा आलं. प्रॅट मार्चमध्येच नेमणूक समिती सोडून गेला. त्याच्यानंतर आलेल्यांनी ती खुर्ची बदलून पाहिली, तर आठवड्यात नवीही मधोमध खचली. तेव्हापासून प्रमुख उभ्याने कामकाज बघतो, नावं मात्र खुर्चीतून येतात, आणि पाणी समितीच्या नवव्या जागेसाठी दर वेळी एकच नाव येतं. टॅनर्स बेंड अजून कोरडं आहे.

पहिल्या दोन वसंतांत गावकऱ्यांनी ती कबर मातीने भरून घेतली. दोन्ही वेळा ती महिन्याभरात खचली. तिसऱ्या वर्षी ते फावडी घेऊन निघाले तेव्हा ल्युएलाबाई फाटकात उभ्या होत्या. त्यांनी सगळ्यांना घरी परत पाठवलं. म्हणाल्या, अधिवेशन संपलं की माणूस आपल्या घरी येतो, त्याच्या तोंडावर दार लावू नका.