कुडव्याचं सात नंबर

लग्न झाल्यापासून मंजू भाड्याच्या घरांतच राहत आली होती. गोंदियात दुर्गेशचं मोबाइल दुरुस्तीचं दुकान, त्याच्या आसपास जिथे खोल्या मिळतील तिथे बिऱ्हाड. आताच्या घरमालकिणीला तर फोडणीचा वाससुद्धा चालत नसे. म्हणून कुडव्याला नंदलाल बिल्डरच्या नव्या लेआउटमध्ये त्यांनी सात नंबरचं घर बुक केलं, तेव्हापासून मंजूचं मन तिकडेच राहायला गेलं होतं.

दर रविवारी दोघं गाडीवर बांधकाम पाहायला जात. भिंती चढल्या, स्लॅब पडला, फरशी बसली. स्वयंपाकघराची खिडकी धानाच्या बांध्यांकडे उघडायची. तिथे उभी राहून मंजू मनातल्या मनात डबे लावायची. आमगावहून सासूबाई आल्या की कुठे निजतील, तेही तिने ठरवून ठेवलं होतं.

अक्षयतृतीयेला चावी देतो, असं बिल्डरने सांगितलं. आमगावला निरोप गेले, पडद्यांचं कापडही आलं. त्याच आठवड्यात दुकानात शकुंतलाबाई नावाच्या गिऱ्हाईक आल्या. त्या याच बिल्डरच्या आधीच्या लेआउटमध्ये राहत होत्या. बातमी ऐकून म्हणाल्या, "आधी माझं घर पाहून जा."

संध्याकाळी दोघं गेली. घर समोरून देखणं होतं. शकुंतलाबाईंनी त्यांना मागे नेलं. संडासाच्या टाकीचं पाणी अंगणात झिरपून काळा चिखल झाला होता.

"नाली कुठं हाय?" दुर्गेशने विचारलं.

"नकाशावर! आमी चावी घेतली, पूजा केली, तवापासून तो फोनच उचलत नाही. भोगवटा प्रमाणपत्र अजून भेटलं नाही."

"ते कायले लागते, काकू?" मंजू म्हणाली.

"घर राहण्यालायक झालं, असा सरकारी कागद असते तो. नाली-पाणी पुरं झाल्याशिवाय देत नाहीत. आपुन एकदा राहायला गेलो, का बिल्डरले कायची घाई? तू चावी घेऊ नोको, पोरी. आपला इंजिनिअर नेऊन घर दाखव. जे राहिलं असन, ते लेखी घे."

दुर्गेशचा मित्र ओमेश इंजिनिअर होता. त्याने सात नंबर फिरून पाहिलं. सांडपाण्याचा पाइप मागच्या भिंतीबाहेर येऊन मातीतच संपला होता.

अक्षयतृतीयेला बिल्डरच्या ऑफिसात पेढे होते. नंदलालने हसत चावी मंजूच्या हातावर ठेवली.

"भाऊ, नालीचं काय?" तिने विचारलं.

"होऊन जाईल, भाभीजी. मुहूर्त कायले टाळता? बाकी सगळे चावी घेऊन राहिले."

दुर्गेश तिच्याकडे पाहत होता. ती हो म्हणाली असती, तर त्याने लगेच सही केली असती. मंजूने मूठ मिटली. थोडा वेळ तशीच ठेवली.

"मले तुमच्यापेक्षा जास्त घाई हाय," ती शेवटी म्हणाली, "पण आधी नाली करा, कागद आणा. मंग द्या."

चावी टेबलावर ठेवून ती बाहेर आली. परतताना दुर्गेशच्या पाठीला डोकं टेकवून रडली. त्याने गाडी लांबच्या रस्त्याने घेतली.

इतरांचे गृहप्रवेश झाले. मंजू प्रत्येकाला गेली, जेवली, आहेर देऊन आली. पावसाळ्यात त्या घरांच्या न्हाणीघरांत घाण पाणी उलटं आलं. ते पाहून तिला बरं वाटलं नाही. तरीही त्या घरांचा तिला हेवा वाटायचा. चावी न घेतलेली आणखी तीन कुटुंबं होती. ती सगळ्यांना भेटली. सगळ्यांनी मिळून वकिलाकडून बिल्डरला नोटीस पाठवली, आणि दिवाळीनंतर मजूर नालीच्या कामाला लागले.

माघात नाली पुरी झाली. भोगवट्याच्या कागदासाठी अर्ज गेला होता, कागद अजून यायचा होता. रविवारी चौकीदाराने सात नंबर उघडून दिलं. शेजारून कुकरची शिट्टी ऐकू येत होती, कुणीतरी लेकराला जेवायला हाका मारत होतं. मंजूने पदराने फरशीवरची धूळ पुसली, आपल्यापुरती, आणि ओट्याखाली भिंतीला टेकून बसली.

"चाल ना, मंजू," दारातून दुर्गेश म्हणाला. "उशीर होऊन राहिला."

"तुमी पण बसा ना थोडं," ती म्हणाली.

त्याने चपला दाराबाहेर काढल्या आणि आत आला.