नववं कलम

अर्जाच्या तिसऱ्या परिच्छेदातलं ‘नऊ’ भाषांतरकाराने पेन्सिलीने खोडलं, वर ‘चौदा’ लिहिलं आणि तो पुढच्या ओळीकडे वळला.

समोर ताई माईकवरची धूळ पुसत बसली होती. दोन खोल्यांचं तिचं ग्रंथालय. अंधांसाठी ती इथे पुस्तकं वाचून ध्वनिमुद्रित करायची. आजवर त्याला कुणाची परवानगी लागत नव्हती. देशोदेशींचा नवा कॉपीराइट करार झाला, तर प्रत्येक पुस्तकासाठी प्रकाशकाची लेखी परवानगी लागेल, असं दोन वर्षांपूर्वी बाहेर फुटलेल्या मसुद्यात होतं. त्यानंतर सरकारने एक ओळही बाहेर जाऊ दिली नव्हती. हरकती मात्र मागवल्या होत्या, त्याही कलमाच्या क्रमांकासह. फुटलेल्या मसुद्यात ते कलम नववं होतं, म्हणून ताईने हरकतीच्या अर्जात ‘नऊ’ लिहिलं होतं.

“झाकण काढायचं नाही, पण भाजीत मीठ कमी आहे का ते सांगा, म्हणे! धन्य तुमचं खातं,” ताई म्हणाली.

तो कसनुसा हसला. खात्यात रोज सकाळी त्याला भाषांतरासाठी नव्या मसुद्याची क्रमांक घातलेली प्रत मिळे आणि संध्याकाळी पानं मोजून ती परत घेतली जाई. घरी अवाक्षर काढणार नाही, असं त्याने लिहून दिलं होतं. गेले सहा महिने ताईकडे आला की तो हवापाण्याच्या गप्पा मारायचा.

“किती वेळ रे? आण इकडे.” तिने कागद ओढून घेतला. तिसऱ्या परिच्छेदाशी तिची नजर थांबली.

“चौदा?”

त्याचे कान तापले.

“चुकून झालं, ताई.”

“चुकून नऊचे चौदा होतात?” मग तिचा आवाज उतरला. “म्हणजे आहे अजून. नुसती जागा बदललीय.”

तो टेबलाच्या कडेची सुटलेली पट्टी नखाने दाबत राहिला.

“आधीपेक्षा वाईट आहे?”

पट्टी पुन्हा वर आली. त्याने पुन्हा दाबली.

ताईने खोडरबर घेतलं, कागद उजेडात धरून पाहिला आणि बाजूला ठेवला. “खोडलेलं दिसतं,” म्हणत तिने नवा कागद पुढे ओढला.

“ताई, नऊ लिहिलंस तर अर्ज वाया जाईल.”

“आणि चौदा लिहिलं तर? माझा सख्खा भाऊ कुठे कामाला आहे, हे त्यांना शोधावं लागणार आहे का? तीन वर्षं राहिलीत तुझी पेन्शनला.”

‘लिही चौदा’ हे दोन शब्द त्याच्या ओठांपर्यंत आले होते.

“पेन दे,” ती म्हणाली.

त्याने खिशातलं पेन काढून, टोपण उघडून तिच्या हातात दिलं.

चार दिवसांनी उपसचिवांनी त्याला खोलीत बोलावलं. ताईचा अर्ज त्यांच्या पुढ्यात होता.

“नववं कलम! ते तर आता कराराच्या मुदतीबद्दल आहे. बाद करून टाका. तुमची बहीण ना ही?”

“हो, साहेब.”

“खरं सांगतो, मला शंका होती तुमची. आता नाही. सख्ख्या बहिणीलासुद्धा पत्ता लागू दिला नाहीत! बसा, चहा घ्या.”

“आभारी आहे, साहेब,” तो म्हणाला, आणि कप रिकामा होईपर्यंत त्याने मान वर केली नाही.