विंगेतली खुर्ची

वृद्धांच्या निवासात उपक्रमांना तोटा नव्हता. सोमवारी मातीकाम, मंगळवारी खुर्चीत बसल्याबसल्या करायचा व्यायाम, बुधवारी गाणी. शुक्रवारी एक बाई आपला म्हातारा, शहाणा कुत्रा घेऊन येत आणि तो आळीपाळीने प्रत्येकाच्या गुडघ्यावर हनुवटी टेकवी, जणू त्यालाही कुणी वेळापत्रक आखून दिले होते. हे सारे आखणाऱ्या बाईंना सगळे उत्साहताई म्हणत. वय चाळिशीचे, चाल धावतीची. कुणी 'नको' म्हटले की 'बरं, मग उद्या' असे म्हणायचे आणि दुसऱ्या दिवशी खरोखरच येऊन उभे राहायचे, ही त्यांची रीत.

एका कुजबुजरावांपुढे मात्र त्यांनी हात टेकले होते.

आठ महिन्यांपूर्वी ते निवासात आले आणि थेट भोजनगृहातल्या खांबामागे जाऊन बसले. जिथून सगळे दिसते पण जिथे आपण कुणाला दिसत नाही, अशी जागा हेरण्यात त्यांची हयात गेली होती. पहिल्याच जेवणाला त्यांनी मीठ मागितले ते इतक्या हळू, की शेजारच्या बाईंनी तीनदा कान पुढे केला आणि शेवटी मिठाऐवजी पाण्याचा जग सरकवला. या बाई टेलिफोन केंद्रात तीस वर्षे ऑपरेटर होत्या. "यांच्याशी बोलणं म्हणजे ट्रंक कॉल आहे हो," त्यांनी सगळ्या टेबलाला ऐकवले. "निम्मं ऐकायचं, निम्मं समजून घ्यायचं. कुजबुजराव म्हणा यांना!" नाव जे चिकटले ते चिकटलेच.

कुजबुजराव एका नाटकमंडळीत एक्केचाळीस वर्षे प्रॉम्प्टर होते. हे काम कसे असते ते सांगून कळत नाही. नट विसरतो तो आधी टाचेत; जिभेला ते फार उशिरा कळते. अंगाचा भार एका पायावरून दुसऱ्यावर सरकतो, मग श्वास आखूड होतो, मग डोळ्यांत एक रिकामी खोली उघडते. त्या खोलीचे दार उघडण्याच्या आत शब्द पोचला पाहिजे. अख्खे वाक्य द्यायचे नसते, पहिली दोनच अक्षरे. आणि ती फेकायची नसतात, ठेवायची असतात. झोपलेल्या मुलाच्या उशाशी पाण्याचा पेला ठेवावा तशी. एक्केचाळीस वर्षांत त्यांचा आवाज एकाही प्रेक्षकाच्या कानी पडला नव्हता. इतरांनी टाळ्या जमवल्या, हारतुरे जमवले. कुजबुजरावांनी ही शांतता जमवली होती, आणि म्हातारपणी तीच तेवढी गाठीला होती.

निवासाला पंचवीस वर्षे पूर्ण होणार होती. उत्साहताईंनी वर्धापनदिनाला नाटक करायचे ठरवले. वीस मिनिटांचे, सगळ्यांनी मिळून लिहिलेले. एक आई घर आवरते आहे, मुलगा तिला आपल्याकडे न्यायला आला आहे, मध्ये एक पेटी, आणि काय न्यायचे नि काय ठेवायचे यावरून दोघांची हुज्जत. आईचे काम ऑपरेटरबाईंकडे गेले. मुलाचे काम करायला पुढे आले ते निवासातलेच सुतारकाका.

"मी शहात्तर, माझा मुलगा एक्याऐंशी," ऑपरेटरबाई म्हणाल्या. "असा योग कोणत्या आईच्या नशिबी आला असेल?"

"आई, जास्त बोलू नकोस, गुडघे दुखतायत माझे," सुतारकाका म्हणाले, आणि तालमीला तोंड लागले.

त्या संध्याकाळी उत्साहताई खांबामागे आल्या. या वेळी त्यांनी आर्जव केले नाही. "नट मिळाले," त्या म्हणाल्या. "सगळे विसरणारे. आता आठवण करून देणारा कुठून आणू?"

कुजबुजरावांनी खिडकीकडे पाहिले. मग त्यांचे ओठ हलले.

"काय म्हणालात, काका?"

"म्हटलं, वही कुठाय?"

सहा आठवडे भोजनगृहात दुपारी तालीम चाले. स्वयंपाकघराच्या दारालगत भांड्यांचे कपाट होते. त्याच्याशेजारी घडीचा पडदा उभा करून कुजबुजरावांनी आपली विंग थाटली. एक खुर्ची, गुडघ्यावर वही, वहीत लाल पेन्सिलीच्या खुणा. खुर्ची आपल्या उजव्या हाताला आहे ना, एवढे ऑपरेटरबाईंनी आधी पाहून घेतले. तीस वर्षे डाव्या कानाला हेडफोन लावून लावून तो कान कामातून गेला होता. उजव्यावर ऐकण्याचे यंत्र होते आणि यंत्राशिवायही जवळचे त्याला ऐकू येई. दुसऱ्या आठवड्यात दोन अक्षरे पुरू लागली. कुजबुजरावांना कितीतरी दिवसांनी सकाळची भूक लागू लागली. खिडक्यांतून येणारे तिरपे ऊन, खुर्च्या सरकवल्याचा आवाज, चुकलेल्या वाक्यावरचा हशा. एखाद्या बंद घरात कुणी एकेक दिवा लावत फिरावे, तसे त्यांच्या आत काही चालले होते.

अडचण एकच. सुतारकाकांना स्वतःची वाक्ये पाठ होतीच, शिवाय आईचीही होती, आणि ती बोलत असताना त्यांचेही ओठ हलत.

"अरे, तू माझा मुलगा आहेस की माझी झेरॉक्स?" ऑपरेटरबाई कडाडत.

एकदा तालीम आटोपल्यावर त्या पडद्यामागे डोकावल्या. आवाज नेहमीचा नव्हता. "एक सांगते, हसू नका. माझे दोन्ही मुलगे येणार आहेत त्या दिवशी. मागच्या महिन्यात मी धाकट्याला थोरल्याच्या नावानं हाक मारली. दोनदा. तेव्हापासून दोघं माझ्याकडे असे बघतात, जसं तापत्या दुधाकडे बघतात. आता उतू जाईल की मग. मला वरच्या मजल्यावर न्यावं का, असं विचारत होते ऑफिसात."

वरच्या मजल्याच्या दाराला आकड्यांचे कुलूप होते. सगळे विसरून गेलेले तिथले लोक तालमीला येत नसत.

"त्यांच्यासमोर माझी फजिती होऊ देऊ नका," त्या म्हणाल्या. "एवढंच."

"नाही होणार," कुजबुजराव म्हणाले. "पण माझीही एक अट आहे. माझा आवाज पहिल्या रांगेपर्यंतसुद्धा जाता कामा नये. आजवर गेला नाही. आता जाता जाता तो डाग नको."

"तुमचा आवाज माझ्यापर्यंत आला तरी मी देवाचे आभार मानीन," त्या म्हणाल्या, आणि सौदा झाला.

वर्धापनदिन रविवारी आला. कागदी फुलांच्या माळा, मातीच्या वर्गातले वाकडेतिकडे पेले मांडलेले एक टेबल, केक, नातवंडांची धावपळ. दुपारी दोनच्या सुमारास असे ध्यानात आले की खिडक्यांतले ऊन थेट पहिल्या रांगेच्या डोळ्यांत येते, आणि पहिल्या रांगेत तर नुकतेच डोळ्यांचे ऑपरेशन झालेले चौघे. उत्साहताईंनी क्षणभर विचार केला आणि सगळा मांड फिरवला. प्रेक्षक होते तिथे पेटी आली, पेटी होती तिथे प्रेक्षक. दहा मिनिटांत काम फत्ते. कपाट बाजूच्या भिंतीच्या मधोमध होते, म्हणून तो पडदा आणि ती खुर्ची तेवढी जागच्या जागी राहिली. पडदा जरासा वळवला की झाले. कुजबुजराव आले, आपल्या खुर्चीत बसले, पेन्सिल कानाला अडकवली. खुर्ची तीच, कपाट तेच, पाठीला लागणारी भिंत तीच. बाहेर जग उलटे झाले आहे हे त्यांच्या गावीही नव्हते. जन्मभर विंगेत बसणाऱ्याला दिशा नसतात. विंग हीच त्याची दिशा.

त्यात ऑपरेटरबाईंनी आईला शोभेलशी लोकरी शाल डोक्यावरून घेतली. लोकर यंत्राला घासली की यंत्र शिट्टी मारी. त्यांनी ते काढून सरळ खिशात घातले.

पहिली दहा मिनिटे नाटक लोण्यासारखे गेले. मुलगा पेटी बांधायला दोरी आणायला आत गेला आणि आई एकटी पेटीपाशी उरली. इथे तिचे मोठे भाषण होते. "ही पितळी चावी कशाची, विचारशील," त्या म्हणाल्या, "तर ज्या कुलपाची आहे ते कुलूप ज्या दाराला होतं..."

कुजबुजरावांनी टाच पाहिली. टाच हलली.

त्यांनी दोन अक्षरे ठेवली. बाईंचा चेहरा निश्चल. त्यांनी तिसरे, चौथे अक्षर ठेवले. मग अख्खे वाक्य, पहिल्या रांगेला जेमतेम ऐकू जाणार नाही इतक्या आवाजात. पालथ्या घड्यावर पाणी. आणि मग शालीआडून दिसणाऱ्या गालाकडे त्यांनी नीट पाहिले. तो डावा गाल होता.

पलीकडे जायला वाट नव्हती. मध्ये उघडा रंगमंच, भर दुपारचा उजेड आणि साठ माणसे.

दोरी घेऊन सुतारकाका पडद्याआड खोळंबले होते. "बोला ना मोठ्यानं!" ते फुसफुसले.

"मोठ्यानं बोललो तर लोकांना ऐकू जाईल."

"मग? त्यासाठीच तर बोलतात माणसं!"

दुसऱ्या रांगेत बाईंच्या थोरल्या मुलाने धाकट्याकडे पाहिले. नुसते पाहिले. ऑपरेटरबाईंनाही ते दिसले; त्यांचा हात पेटीच्या कडेवर घट्ट झाला. एक्केचाळीस वर्षांची शांतता कुजबुजरावांच्या मांडीवर वहीसारखी उघडी पडली होती. तिचे काय करायचे, ती कुणाला द्यायची, कुणाच्या कामाला येणार होती ती?

ते उठले. एका हातात वही, दुसऱ्या हाताने खुर्ची ओढत, पायांतल्या घरच्या सपाता फटफटवत ते सगळ्या उजेडातून चालत गेले, बाईंच्या उजव्या अंगाला खुर्ची मांडली, बसले, आणि म्हणाले:

"ते दारच आता राहिलं नाही, पण चावी फेकवत नाही!"

तो आवाज ऐकून दचकले ते प्रथम स्वतः कुजबुजराव. खर्जातला, भरदार, थोडा गंजलेला. इतकी वर्षे आपल्या घरात कुणी पाहुणा राहत होता आणि आपण त्याला एकदाही पाहिले नाही, असे त्यांना वाटले. शेवटच्या रांगेतल्या एका बाळाने मान वर केली.

ऑपरेटरबाईंनी त्यांच्याकडे पाहिले. एक क्षण. नाही नाही त्या वेळी, नाही नाही त्या लोकांच्या लाइनी जोडत त्यांनी तीस वर्षे काढली होती. हीही त्यांनी जोडली.

"हे शेजारी," त्या प्रेक्षकांकडे वळून म्हणाल्या. "आमच्या घरातलं आमच्यापेक्षा यांना जास्त माहीत असतं."

हशा उसळला. तेवढ्यात सुतारकाका दोरी घेऊन बाहेर आले आणि वहीत नसलेला माणूस पाहून त्यांनी प्रामाणिकपणे विचारले, "आई, हे कोण?"

"अरे, तुझ्या लहानपणापासून आहेत ते!" बाई म्हणाल्या. आणि लोकांना, कपाळाला हात लावून, "माझा मुलगा हल्ली फार विसरतो हो."

दुसऱ्या रांगेतले दोघे भाऊ इतके हसले की थोरल्याला चष्मा पुसावा लागला.

त्यानंतर लपवण्यासारखे काही उरलेच नाही. अडले की बाई उघड विचारत, "मग काय झालं हो, शेजारी?" आणि कुजबुजराव वहीतले वाक्य खणखणीत वाचून दाखवत, वर "असं तुम्हीच सांगितलंत मला" अशी पुस्तीही जोडत. ती कुठून सुचली ते त्यांना कळले नाही. अशा रीतीने नाटक शेवटच्या वाक्यापाशी आले. पेटी बांधून झाली. आईने म्हणायचे होते, "चल, निघू या," आणि दोघांनी जायचे होते.

बाई पेटीपाशी उभ्याच राहिल्या.

"चल, निघू या," कुजबुजरावांनी सांगितले.

"ते आठवतंय मला," बाई म्हणाल्या. "पण तुम्हालाच विचारते, शेजारी. जाऊ, की राहू?"

कुजबुजरावांनी वहीत पाहिले. पान तिथेच संपत होते. खाली कोरा कागद, लाल पेन्सिलीची एकही खूण नाही. साठ माणसे त्यांच्या तोंडाकडे पाहत होती. असे पाहिले जाणे कसे असते, ते त्यांनी फक्त कडेने पाहिले होते. जगातल्या कुठल्याही विंगेत त्यांच्यासाठी कुणी बसलेले नव्हते.

"राहा," ते म्हणाले. मग, दम घेऊन, "तुम्ही गेलात तर मी आठवण कुणाला करून देऊ? आणि मुलालाही ठेवून घ्या. चहा होतोच आहे."

स्वयंपाकघरात खरोखरच कपबशा वाजत होत्या. सुतारकाकांनी दोरी सोडून दिली आणि पेटीवरच बसकण मारली. "मी तर केव्हाचा राहतोय," ते म्हणाले. "हे गुडघे बघा."

टाळ्या थांबेनात. उत्साहताई हसत होत्या की रडत होत्या, हे त्यांचे त्यांनाही सांगता आले नसते. "शेवट बदललात तुम्ही माझा!" एवढेच त्या पुन्हापुन्हा म्हणत राहिल्या. संध्याकाळभर कुजबुजरावांना बोलावे लागले. ऑपरेटरबाईंच्या धाकट्या मुलाशी, मग थोरल्याशी, त्याच्या लेकीशी, कुत्रेवाल्या बाईंशी. बाईंच्या उजव्या बाजूला बसून, मोठ्याने, केकचे दोन तुकडे संपेपर्यंत.

दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांचा घसा पार बसला होता. न्याहारीला ते खांबामागे गेले नाहीत. ऑपरेटरबाईंच्या टेबलाशी बसले आणि बोटांनी आणखी साखर हवी अशी खूण केली.

"त्यांना आणखी एक टोस्ट हवाय," ऑपरेटरबाईंनी वाढणाऱ्या बाईंना जोरात सांगितले. "भाजलेला. लोणी जास्त."

साखरेची खूण पुन्हा करायला उचललेली बोटे कुजबुजरावांनी खाली घेतली. टोस्ट आला. गरम होता, कडेला जरा करपलेला. त्यांनी तो सावकाश, सगळा खाल्ला.