दूध उतरवणारी बाटली

मी सोड्याची बाटली. गळ्यात गोटी असल्यामुळे मला मोठ्यानं बोलता येत नाही. जे आहे ते सावकाश सांगते.

माझा जन्म भट्टीतला. ते गाव मला ठाऊक नाही. लाल होते, मऊ होते, तेवढं आठवतं. मग साच्यात घालून फुंकलं आणि थंड झाले, ती कायमचीच. काचेला स्वतःची ऊब नसते. धरणाऱ्याच्या तळव्याची येते आणि हात निघाला की जाते. चवही कळत नाही. म्हणून तर माझ्यात काहीही भरता येतं.

गवतात गुंडाळून, पेटीत भरून रेल्वेनं मला बदनापूरला आणलं. स्टेशनाबाहेर कचरूचं सोड्याचं दुकान होतं. यंत्राच्या पिंजऱ्यात आम्हा बाटल्यांना आडवं ठेवून तो दांडा फिरवी. आत वायू भरे, गोटी वर येऊन गळा बंद करी. गिऱ्हाइकानं अंगठ्यानं गोटी दाबली की आवाज होई, आणि तो आवाज ऐकून दुसऱ्या गिऱ्हाइकाला तहान लागे. कचरू त्या आवाजावरच जगत होता.

एकदा गाडीची शिटी ऐकून एका घाईतल्या माणसानं मला फळीवर आपटलं. माझ्या ओठाचा टवका उडाला.

"आता ही तोंडाला लावायची न्हाई," कचरू म्हणाला. "कुणाचा ओठ कापला मंजे फुकट बोंब." तेव्हापासून तो मला घरी नेण्याच्या सोड्यासाठी वापरू लागला. घरी माणसं पेल्यात ओतून पितात.

चौऱ्याहत्तर साली उन्हाळ्यात कचरूनं हिरवा सोडा काढला. पुदिना भरपूर, थोडं ज्येष्ठमध, साखर. पुदिना उकळून त्याचा अर्क तो आधी आमच्या तळाशी ओती, मग सोडा भरी. "यात रंगबिंग काई न्हाई," तो प्रत्येकाला सांगे. "बिलकुल झाडपाल्याचं. म्हाताऱ्याला द्या, लेकराला द्या, बाळंतिणीला द्या. झाडपाल्यानं काय होतंय?"

खरंच, काय होतंय, असं सगळ्यांनाच वाटे. मला तर काहीच वाटत नसे.

त्याच दिवसांत साळूबाई दुकानात आली. रेल्वेफाटकापलीकडच्या आळीत तिचं घर. तिची सून कौसल्या पहिल्या बाळंतपणाला माहेरी, मंठ्याला गेली होती. मूल जन्मलं आणि तिथंच गेलं. कौसल्या एकटी परत आली. हे आळीला माहीत होतं. दुकानात बसणाऱ्या कचरूला एवढंच माहीत होतं, की साळूबाईची सून बाळंत झाली.

मूल गेलं तरी दूध येतच असतं. कौसल्येची छाती दगडासारखी झाली होती. अंगात ताप होता. शेजारी कुणाचं मूल रडलं की चोळी ओली होई. कुणीतरी सांगितलं होतं, पुदिना द्या, दूध आटेल.

पण "आटणं" हा शब्द साळूबाईच्या तोंडून निघेना. बाळंतिणीच्या बाबतीत तो शब्द बायका उच्चारत नाहीत. बांगडी फुटली तरी ती वाढवली म्हणायचं, दुकान बंद केलं तरी ते वाढवलं म्हणायचं. घरात एक मूल गेलेलं. पुढच्या वेळचं दूधही त्या शब्दानं जायचं, असं म्हातारीला वाटलं असावं. ताप उतरतो, सूज उतरते. तसं ती म्हणाली,

"कचरू, सुनंचं दूध उतराया पायजे रं. पुदिन्याचा सोडा दे. पुदिना जरा जादाच टाक."

"टाकतो की, मावशी. बाळंतीण बरी हाय ना?"

"हाय," साळूबाई म्हणाली.

मी त्या घरी रोज जाऊ लागले. कौसल्या भिंतीला टेकून बसलेली असे. सासू पेल्यात ओती, ती पिई. गोड लागलं की कडू, हे तिनं कधी सांगितलं नाही. छातीला फडकं घट्ट बांधलेलं. एकदा तिनं मला हातात धरून ठेवलं, गार होते म्हणून गालाला लावलं, मग गळ्याखाली धरलं. तिच्या अंगाचा ताप मला लागला. हात निघाला तसा गेला.

पुढं फडकं सुटलं. शेजारी मूल रडलं तरी चोळी कोरडी राहू लागली. साळूबाई दुकानात येऊन म्हणाली, "उतरलं बाबा. गुण आला."

कचरूला आनंद झाला. आईला दूध उतरतं, ते बाळ पितं, त्याच्या लेखी उतरणं ते हेच. स्टेशनावर उतरणाऱ्या प्रत्येकाला तो सांगू लागला, "फाटकापल्याड इचारा जाऊन. बाळंतिणीला दूध उतरलंय माझ्या सोड्यानं. बराबर गुण येतो."

हे ऐकून तातेराव आला. तो सरकारी शेती-फार्मवर कामाला होता आणि कौसल्येच्या भिंतीला भिंत लागून राहत होता. त्याची बायको शिवकन्या नुकतीच बाळंत झाली होती. मुलगी झाली होती.

"दूध कमी पडून राह्यलं म्हंते ती," तो लाजत म्हणाला. "याच्यानं उतरंल का?"

"धो धो," कचरू म्हणाला. "ने ही बाटली. सकाळ-संध्याकाळ दे."

शिवकन्या बोलकी होती. पहिल्या दिवशी पेला हातात घेऊन म्हणाली, "लई झणझणतंय हो. मी आई हाय का पानपोई? सगळेच येऊन इचारतात, आलं का, आलं का."

"पी गुमान," तिची सासू सोनूबाई म्हणाली. "आमच्या टायमाला हे असलं कौतुक न्हवतं. बाजरीची पेज प्यायलो आन् पोरं वाढवली. तुझा नवरा हाय म्हणून बाटल्या येतात."

ती पीत राहिली. पोटात वायू भरे, मग भाकर नको वाटे. दूध होतं त्याहून कमी झालं. कमी झालं म्हणून तातेराव आणखी एक बाटली आणू लागला. पोरगी आधी रडून घर डोक्यावर घेई. मग तिचा आवाज बारीक होत गेला. मग ती नुसती तोंड हलवी. कातडी सैल पडली, डोळे मोठे दिसू लागले. शिवकन्येच्या गमती बंद झाल्या. ती मुलीला छातीशी धरून बसे आणि ती ओढते की नाही ते बघे.

भिंतीपलीकडं हे सगळं ऐकू जात होतं.

एके दिवशी दुपारी तातेराव मला घेऊन येत होता. ओट्यावर साळूबाई आणि कौसल्या तूर पाखडत होत्या. कौसल्येनं माझा फुटका ओठ बघितला. तिचं सूप थांबलं.

"ही कुणाला, भावजी?"

"शिवकन्येला, वहिनी. दूध उतरतं म्हने याच्यानं. कचरू म्हनला, तुमच्याच आळीत एकीला गुण आल्ता."

तो आत गेला. दार उघडंच होतं, बाहेरचं मला ऐकू येत होतं.

"आत्याबाई, तुमी कचरूला काय सांगितल्तं?"

साळूबाईनं सुपातला एक खडा वेचून टाकला. मग म्हणाली, "उतराया पायजे म्हनले."

"उतराया?"

"मंग काय म्हनू? दुसरं तोंडाला येईना माझ्या." आणि हलक्या आवाजात, "जाऊ दे बाई. आपुन तिकडं जायाचं न्हाई. तुझं लेकरू गेलंय, तू तिच्या दारात गेलीस तर दृष्ट लावली म्हनतील. उद्या त्या पोरीचं काई बरंवाईट झालं तर जलमभर तुझ्या नावानं बोलतील."

हे खरं होतं. मूल गेलेली बाई बाळंतिणीच्या खोलीत येत नाही. आळीत ते कुणी शिकवावं लागत नाही.

कौसल्या उठली. तुरीची फोलकटं अंगावर तशीच होती.

सोनूबाईनं तिला दारातच अडवलं. "तिथंच थांब. आत बाळंतीण हाय."

"मी आत येत न्हाई. तिला तो सोडा देऊ नका."

"का गं? तुला काय तरास होतो?"

"त्यानं दूध आटतं."

सोनूबाईनं कानांवर हात ठेवले. "लेकराच्या दारात उभी राहून असं अभद्र बोलतीस? तोंड जळालं का तुझं? चल हो बाजूला!"

"माझं आटलंय," कौसल्या म्हणाली. "ह्याच बाटलीनं. आटवायलाच आणली होती."

तिचा आवाज चढला नव्हता. भाजीचा भाव सांगावा तसं ती बोलली.

मागून साळूबाई आली. ओट्याची कड धरून उभी राहिली. "सोनूबाई, खरं हाय ते. म्याच मागितल्ता सोडा. आटू दे म्हनवंना, म्हणून उतरू दे म्हनले. कचरूनं उलटं घेतलं. माझ्या सुनंला बोल लावू नका."

आत शिवकन्येचा अंगठा माझ्या गोटीवर होता. तिनं तो काढून घेतला. मला न उघडता तिनं जमिनीवर ठेवलं आणि हातानं लांब सरकवलं.

तातेराव दवाखान्यातून नर्सबाईंना घेऊन आला. त्यांनी मुलीचे डोळे पाहिले, कातडी चिमटीत धरून पाहिली, मग मला उचलून वास घेतला.

"पुदिन्यानं प्रत्येकीचंच दूध जातं, असं मी छातीठोकपणे सांगणार नाही," त्या म्हणाल्या. "चटणीतला पुदिना कुणाला बाधत नाही. पण अर्क काढून रोज बाटल्याच्या बाटल्या? आणि पोटाला भाकर नाही?"

"झाडपाल्याचंच हाय म्हनला, बाई," तातेराव म्हणाला.

"धोतरा काय लोखंडाचा असतो? तोही झाडपालाच. पाजणाऱ्या बाईच्या पोटात काही घालायच्या आधी विचारावं माणसानं. आता हे बंद. दूध आलं नाही असं वाटलं तरी मुलीला छातीला लावत राहा, ओढल्यानंच येतं. तोवर गाईचं दूध उकळून वाटी-चमच्यानं द्या, कसं द्यायचं ते मी दाखवते. हिला पोटभर जेवू घाला. आणि पोरगी निजूनच राहिली तर माझी वाट बघू नका, थेट जालन्याला न्या."

नर्सबाई गेल्यावर सोनूबाईनं मला कौसल्येच्या ओट्यावर आणून ठेवलं. "ही घे तुझी," एवढंच म्हणाली.

मग वाट पाहणं होतं. भिंतीच्या या बाजूला कौसल्या स्वयंपाक करी, भांडी घाशी. पलीकडून काही ऐकू आलं की तिचा हात थांबे. काही ऐकू आलं नाही तर जास्त वेळ थांबे. एका पहाटे पोरगी मोठ्यानं रडली, आधीसारखी, घर डोक्यावर घेऊन. कौसल्या चुलीपुढं होती. तिनं चोळीला हात लावून पाहिला. कोरडीच होती. ती पुन्हा पीठ मळू लागली.

त्यानंतर ती मला परत करायला निघाली. शिवकन्या ओट्यावर बसून पदराखाली पाजत होती. बाळंतिणीनं असं बाहेर बसू नये म्हणून सोनूबाई आतून कुरकुरत होती.

"तुमाला आत येऊ देत न्हाईत," शिवकन्या म्हणाली, "मंग मीच बाहेर आले. बसा, वहिनी."

कौसल्या बसली नाही. "गिळती का?"

"ऐका की."

कौसल्या वाकली. मुलीला शिवली नाही. फक्त कान जवळ नेला. तो आवाज मीही ऐकला. घुटका घेण्याचा आवाज मला चांगला कळतो, जन्मभर तोच ऐकत आले. ती गिळत होती. थांबत होती, श्वास घेत होती, पुन्हा गिळत होती.

"चांगलं हाय," कौसल्या म्हणाली आणि चालू लागली.

दुकानात तिनं मला फळीवर ठेवलं. कचरूला सगळं समजलं होतं. "वहिनी, म्या काय इख इकलं का?" तो म्हणाला. "मावशी उतराया म्हनल्या. मला कसं कळावं?"

"तुमचा दोष न्हाई. पन आता सांगताना उतरतं म्हनू नका. आटतं म्हना."

"आटतं म्हनल्यावर कोन घेईल?"

"जिचं लेकरू गेलंय ती घेईल," कौसल्या म्हणाली. "तिला लागतं."

कचरूनं मान खाली घातली. ती फाटकाकडं निघून गेली.

तेव्हापासून माझ्या गळ्यात काळा दोरा आहे, दूध आटवणारी बाटली ओळखू यावी म्हणून कचरूनं बांधलेला. मी वरच्या फळीवर, बाकीच्या बाटल्यांपासून वेगळी असते. कचरू अजून हिरवा सोडा विकतो, पण आधी विचारतो, "घरात पाजणारी बाई हाय का?" असली तर लिंबाचा देतो. मला क्वचितच खाली काढतात. मध्ये एक म्हातारा आला. तो काही बोलला नाही, वरच्या फळीकडं नुसतं बोट केलं. कचरूनंही काही विचारलं नाही. मला पुसलं, भरलं, त्याच्या पिशवीत ठेवलं आणि त्याच्यासोबत फाटकापर्यंत चालत गेला.

आता माझ्यावर धूळ बसली आहे. खाली दिवसभर गोट्या वाजतात, बाटल्या भरतात, रिकाम्या होतात. सोड्याच्या बाटलीनं रिकामं राहणं मागू नये. मी मागते.