काशिराम तांडेलांचा कॉम्प्युटर

तूबाने काउंटरवरचे कीबोर्ड बाजूला सारले आणि दोन मदरबोर्ड खोक्यांतून काढून काशिरामांच्या पुढ्यात ठेवले. एक वहीच्या पानाएवढा, दुसरा त्याहून चांगला चार बोटं रुंद.

"हात लावून बघा, काका," ती म्हणाली. "फक्त कडेला धरा."

काशिरामांची मुलगी पूर्वी नकळत पुढे सरकली. बाबांच्या उजव्या हातातून वस्तू सुटायची, हे तूबाला ठाऊक नव्हतं. पण काशिरामांनी डाव्या हाताने रुंद बोर्ड उचलला, उजवा नुसता खाली टेकवला आणि डोळ्यांजवळ नेऊन तो निरखू लागले.

पनवेलच्या एसटी स्टँडसमोरच्या गल्लीतलं हे दुकान तूबाच्या वडिलांचं, हसनभाईंचं. ते आता दुपारनंतरच येत. कॉम्प्युटर जोडायचं काम तूबाच बघायची. पूर्वीने ऑफिसातून छापून आणलेली यादी तिने दोनदा वाचली होती आणि मग सरळ सांगितलं होतं, की ताई, ही यादी उलटी लिहिलीय.

यादीत सगळ्यात वर ग्राफिक्स कार्ड होतं, सोळा हजारांचं. मदरबोर्ड सगळ्यात खाली, साडेतीन हजारांचा, कारण पंचेचाळीस हजारांत बाकी सगळं बसवल्यावर तेवढेच उरत होते. तूबाने समजावून सांगितलं, की एवढं कार्ड घेतलं तर बाकीच्यांनाही त्याच्या बरोबरीने धावावं लागतं. हा बोर्ड तापतो. पुढे मोठा प्रोसेसर टाकावासा वाटला तर तो यावर चालायचा नाही. कार्डाची निम्मी ताकद नुसती पडून राहील. त्यापेक्षा कार्ड दहा-साडेदहाचं घ्यावं आणि बोर्ड सातचा. वर थोडे पैसेही उरतील.

पूर्वीने ऐकून घेतलं. गेले पंधरा दिवस ती रोज जेवणाच्या सुट्टीत याच गोष्टी वाचत होती. तूबा खोटं बोलत नाही, हे तिला कळत होतं. तरी ती म्हणाली, "खेळातलं पाणी खरं दिसलं पाहिजे. बाकीचं चालेल कसंही."

तूबाने तिच्याकडे पाहिलं, मग यादीकडे, आणि मग वळून तिने ते दोन बोर्ड काशिरामांपुढे ठेवले होते.

काशिराम उरणजवळच्या कोळीवाड्यातले. तीस वर्षं त्यांनी बोट चालवली. तांडेल म्हणून त्यांचा शब्द बोटीवर शेवटचा. मार्चमध्ये बोट धक्क्याला लावतानाच त्यांचा उजवा हात लुळा पडला आणि तोंड वाकडं झालं. मेंदूकडे जाणाऱ्या रक्तवाहिनीत गुठळी होती. जीव वाचला. बोट पुतण्याकडे गेली, आणि पूर्वीने त्यांना पनवेलला स्वतःच्या भाड्याच्या दोन खोल्यांत आणलं. डॉक्टरांनी तिला सांगितलं होतं, की त्यांना समजतं सगळं, डोक्यात शब्दही असतात, फक्त जिभेपर्यंत यायला उशीर होतो. वेळ द्या.

पूर्वीने वेळ दिला. महिने मोजले. मधल्या काळात बाबांचं अडलेलं वाक्य ती पुरं करायची. "मला च…" म्हटलं की चहा. "जरा पं…" म्हटलं की पंखा. बहुतेक वेळा ते बरोबर असायचं. नसलं तरी काशिराम मान हलवायचे, कारण पुन्हा सुरुवात करण्यापेक्षा ते सोपं होतं. गणपतीपर्यंत त्यांचं बोलणं निम्म्यावर आलं. दिवाळीत पाहुणे आले, त्यांनीही प्रेमानेच वाक्यं पुरी केली. त्यानंतर काशिरामांनी वाक्य सुरू करणंच सोडलं. व्यायामासाठी दिलेला रबरी चेंडू खाटेखाली पडून असायचा.

मग एके दिवशी ऑफिसातून पूर्वी घरी आली, तर बाबा खोलीत नव्हते. ते इमारतीखालच्या गेम पार्लरच्या दारात, चौकटीला धरून उभे होते. आत कुणीतरी स्क्रीनवर मालाचं जहाज बंदरात आणत होतं. ते जहाज धक्क्यावर आपटलं. काशिरामांनी तोंडाने 'च्च' केलं आणि तिथेच उभे राहिले. पार्लरवाला म्हणाला, काका तासभर इथेच आहेत.

दिवाळीचा बोनस होता. पूर्वीने आरडीही मोडली. असा कॉम्प्युटर घ्यायचा की बाबांना समुद्र परत मिळेल, एवढंच तिच्या मनात होतं. ज्या कार्डावर लाटेची प्रत्येक घडी दिसते असं लिहिलं होतं, ते तिने यादीत पहिलं लिहिलं.

आता काशिरामांनी रुंद बोर्ड खाली ठेवला आणि लहान उचलला. उलटा करून पाहिला. मग तूबा म्हणाली, "काका, खेळणार तुम्ही. तुम्ही सांगा. काय पाहिजे तुम्हाला यात?"

काशिरामांचे ओठ हलले. "मला… स…"

"समुद्र," पूर्वी म्हणाली. "तेच सांगत होते मी. समुद्र खरा दिसायला हवा."

काशिरामांनी मान हलवली नाही. ते बोर्डाकडे बघत राहिले. तूबाही काही बोलली नाही. तिने पूर्वीच्या उत्तरावर 'बरं' म्हटलं नाही, काशिरामांना पुन्हा विचारलं नाही, घड्याळाकडे पाहिलं नाही. दोन्ही कोपर काउंटरवर टेकून ती नुसती थांबली. बाहेर रिक्षावाला कळंबोली, कळंबोली ओरडत होता. पूर्वीला ती शांतता सहन होईना. तिने बोलायला तोंड उघडलं.

"सु…काणू," काशिराम म्हणाले.

तूबाने मान डोलावली, जशी कुठल्याही गिऱ्हाइकाला डोलावली असती. "हातात धरायचं?"

"हां." मग त्यांनी उजव्या हाताचं बोट लहान बोर्डावर ठेवलं. ते थरथरत होतं, पण होतं जागेवर. "लहान होडी… मोठं मशीन. नाय… चालत. फळ्या… सुटतान." पुन्हा थोडं थांबून त्यांनी रुंद बोर्ड पुढे सरकवला. "आमी… होडी आधी बघतो. मशीन… मागनं."

नऊ महिन्यांत पूर्वीने त्यांच्या तोंडून एवढं ऐकलं नव्हतं. ती काचेच्या कपाटाकडे वळली आणि तिथल्या पेन ड्राइव्हच्या किमती वाचू लागली. अक्षरं नीट दिसत नव्हती.

तूबाने मागच्या फळीवरून एक जॉयस्टिक काढली. कार्डातून वाचलेल्या पैशांत ही बसते, ती म्हणाली. पकड जाड आहे, हात घसरत नाही. काशिरामांनी ती उजव्या हातात घेतली. बोटं एकेक करून तिच्याभोवती वळली. चेंडूभोवती कधी अशी वळली नव्हती.

यादी नव्याने लिहिली गेली. तूबाने सांगितलं, की सगळं जोडून, एक दिवस चालवून बघून रविवारी ती स्वतः घरी आणून लावून देईल.

बाबांना रिक्षात बसवून पूर्वी दुकानात परत आली. तूबा खोकी आवरत होती.

"थँक यू," पूर्वी म्हणाली.

"कार्डाचं ना? अहो, पुढच्या दोन वर्षांत मोठं कार्ड घेऊ शकाल. बोर्ड आहे आता तसा."

"नाही. तुम्ही थांबलात त्याबद्दल. बाबांना… बोलायला त्रास होतो. आजारपणामुळे."

तूबाच्या हातातलं खोकं तसंच राहिलं. "या अल्ला. मला माहीतच नव्हतं. मला वाटलं, विचार करतायत." ती जरा ओशाळली. "गिऱ्हाईक विचार करत असलं की मधे बोलायचं नाही, असं अब्बांनी शिकवलंय. मोठी खरेदी असते, वेळ लागतोच."

पूर्वी रिक्षात येऊन बसली. डॉक्टरांचे शब्द तिला आठवले आणि ते आपण कसे घेतले, हेही कळलं. वेळ वाक्यावाक्याला द्यायचा होता. बाबांनी वाटेत एकदा बाहेर बोट दाखवलं, काही म्हणायला घेतलं, आणि गांधी हॉस्पिटलचा चौक मागे पडल्यावर ते पूर्ण केलं. नवा पूल कधी झाला, एवढंच त्यांना विचारायचं होतं. तिने सांगितलं.

रविवारी तूबा आली. पूर्वीच्या खोलीत टेबल नव्हतं, म्हणून शिवणयंत्राच्या फळीवर मॉनिटर ठेवला. तारा जोडून झाल्या, खेळ सुरू झाला. पाणी फार खरं नव्हतं. लांबून ते हिरवट कापडासारखं दिसायचं. काशिरामांनी त्याकडे लक्षही दिलं नाही. ते जहाजाचं नाक बघत होते. पहिल्या खेपेला जहाज धक्क्यावर घासलं. दुसऱ्या खेपेला त्यांनी लांबूनच वेग कमी केला, आणि मालाने भरलेलं ते एवढं मोठं जहाज हळूहळू येऊन धक्क्याला लागलं, नुसतं टेकल्यासारखं.

तूबा जमिनीवर मांडी घालून बसली होती. तिला निघायची घाई दिसली नाही. ती एकेक विचारत होती. एवढ्या लांबून वेग का कमी केला, वारा बाजूने असला तर काय करता. काशिराम अडत अडत सांगत होते. पूर्वी दोघांच्या मधे उभी होती आणि दर वेळी बाबा अडले की शब्द तिच्या ओठांवर येत होता. दोनदा तिने तो गिळला. तिसऱ्यांदा "चहा ठेवते" म्हणून ती स्वयंपाकघरात गेली.

तिने आधण ठेवलं, आलं किसलं. भिंतीपलीकडून बाबांचा आवाज येत होता. थांबायचा, पुन्हा यायचा. पूर्वीने दूध काढून ठेवलं, साखर घातली. चहा झाला तरी ती बाहेर गेली नाही. गॅस बारीक करून ओट्याशी उभी राहिली. पलीकडे आपला बाप एका परक्या मुलीशी बोलतोय, आणि ती ऐकतेय. या पोरीला आपण काय द्यावं, हे तिला सुचेना.

"काका, तुम्हाला होडी पहिल्यांदा कुणी शिकवली?" तूबाने विचारलं.

"माझ्या…" काशिराम म्हणाले, आणि अडले.

हे पूर्वीला ठाऊक होतं. सगळ्या कोळीवाड्याला ठाऊक होतं. आजोबाही तांडेलच होते, त्यांचा फोटो उरणच्या घरात दारासमोर होता. तिने ओट्याची कड घट्ट धरली. पलीकडे कुणीच बोलत नव्हतं. जॉयस्टिकचा हलका आवाज झाला. चहा वर आला, खाली बसला.

"आयनी," काशिराम म्हणाले. "भीमाबाईनी. बा… बोटीवर. आठ-आठ दिस. ती मला… खाडीत न्यायची. उजाडायच्या आधी. लोक… नावं ठेवतील… म्हणून… कुणाला सांगितलं नाय."

पूर्वीने गॅस बंद केला. पेले भरले, ताटलीत ठेवले, आणि ताटली ओट्यावर तशीच राहू दिली. त्यांचं अजून संपलं नव्हतं.