बसलेला माणूस

खुंटीवरची कंडक्टरची बॅग दिसली नाही, तेव्हाच मी काय ते ओळखलं. आमचे हे एसटीतून रिटायर झाले त्याला कितीतरी वर्षं झाली, आणि आता डोक्यातलं एकेक पुसत चाललंय. किशोरला, पोटच्या पोराला, ते डेपो मॅनेजर समजतात. मला तर रोज नव्याने ओळख द्यावी लागते. मी म्हशीची धार काढून येईस्तोवर कडी काढून स्वारी ड्युटीवर निघाली होती.

किशोर मोटरसायकल काढून किन्हवलीच्या रस्त्याला धावला. शेजारची हौसा म्हणाली, "वहिनी, लडकूभाऊ मघाशी कालव्याकडं जाताना दिसले. मला वाटला, किशोर हाय बरोबर."

भातकापणी उरकून कालव्याला पाणी सोडलेलं. त्यात पडलेली म्हैससुद्धा जिवंत निघत नाही. पलीकडे जंगल, आणि मागच्याच आठवड्यात तिथे बिबट्या दिसलेला. मी अनवाणी पळत सुटले. हाका मारून उपयोग नव्हता; स्वतःच्या नावाला ओ देणं त्यांनी केव्हाच सोडलंय.

सूर्य डोंगराला टेकला आणि मला एकदम आठवलं, ही त्यांची बसायची वेळ. लग्नाआधी कुठल्याशा शिबिरात शिकून आले, तेव्हापासून दिवेलागणीला मांडी घालून श्वास बघत बसायचं ते कधी चुकवलं नाही. मुरबाडच्या स्टँडवर गाडी थांबलेली असली तरी मागच्या सीटवर बसायचे. मी चिडवायचे, "झोपाच काढायच्या तर आडवे तरी व्हा!" ते नुसते हसायचे. सुट्ट्या पैशांवरून प्रवासी अंगावर आले तरी यांचा आवाज चढला नाही. डॉक्टर म्हणाले होते, अशा पेशंटची संध्याकाळी फार घालमेल होते, सांभाळा. यांची कधी झाली नाही. त्या वेळी ते बसलेले असतात.

म्हणजे आता ते चालत नसणार. उभा माणूस शोधायचं सोडून मी बसलेला माणूस शोधू लागले.

दिसले. कालव्याच्या अगदी कडेला, मांडीवर बॅग, डोळे मिटलेले. हातभर अंतरावरून पाणी धावत होतं. तोंडात आलेली हाक मी गिळली. दचकून उठले असते तर सरळ आत गेले असते. दबकत मागे जाऊन बसले, सदऱ्याचं टोक मुठीत आवळलं. माझ्या छातीतली धडधड त्यांना ऐकू जाईल असं वाटत होतं. त्यांची पाठ मात्र संथ हलत होती. करण्यासारखं दुसरं काही नव्हतं, म्हणून मी ती पाठच बघत राहिले.

अंधारून आलं तेव्हा त्यांनी डोळे उघडले आणि वळून माझ्याकडे बघितलं. नजरेत ओळख नव्हती, पण भीतीही नव्हती.

"घाबरलीस का गो? बस, बस. शेवटची गाडी हाय अजून."

मी हात धरून त्यांना घरी आणलं. वाटभर रडत होते मी.

आता दाराला कुलूप असतं. आणि दिवेलागणीला मीही त्यांच्यासमोर मांडी घालते. मला काही जमत नाही, माझा एक डोळा सारखा त्यांच्यावरच असतो. किशोर हसतो, "आये, तुला पन लागला का नाद?" त्याला काय सांगू? एक दिवस हे बसायचंही विसरतील, याची मला फार भीती वाटते. त्या दिवशी मला बसलेली बघून तरी बसतील.