सत्तेचाळीस नंबरची पाळी

मी एक जुना सेन्सर आहे, मित्रांनो. शीतगृहाच्या खांबावर बसून नऊ वर्षं नुसती थंडी मोजली. पण सुरुवात करतो एका मंगळवारपासून, कारण तेव्हापासून माझं चित्त थाऱ्यावर नाही.

आम्ही दोनशे जण एका छताखाली. तारा नाहीत, सगळं हवेतूनच बोलायचं. दोघं एकदम बोलले की कोणाचंच ऐकू जात नाही. म्हणून आमच्या मेकॅनिकबाबांनी प्रत्येकाला क्षणभराची पाळी नेमून दिली होती. थंडीत आमची घड्याळं मागेपुढे सरकत. मुख्य यंत्र दर मिनिटाला हाक देई आणि आम्ही वेळ जुळवून घेत असू. सूट एकच: धूर किंवा वायुगळती असेल, तर 'तातडीचं' म्हणून रांग मोडायची. मग बाकीचे गप्प.

माझं घड्याळ सर्वांत हट्टी. त्या सकाळी बाबा शिडीवर चढून माझी बॅटरी बदलत होते.

"काय सत्तेचाळीस, जावई का तू? रोज उशिरा, वर मान हवाच!"

इतक्यात मुलीचा फोन आला. त्यांनी तो शिडीच्या पायरीवर ठेवून स्पीकर लावला.

"बाबा, कामात आहात?"

"शिडीवर आहे गं. तातडीचं आहे का?"

ती थांबली. मला क्षणाचेही हजार तुकडे मोजता येतात. ते थांबणं फार लांब होतं.

"नाही. सहज केला होता."

"मग रविवारी निवांत बोलू, बाळा."

गुरुवारी बाबा आले नाहीत. झोपेतच गेले, असं पहारेकरी काका खाली कुणाला तरी सांगत होते.

पुढे माझ्यावर बर्फ साचला. हाक ऐकू येईना. मी भलत्याच वेळी बोलू लागलो, शेजाऱ्यांचे निरोप बिघडवू लागलो. नव्या मेकॅनिकने मला उतरवून बाबांच्या हत्यारांच्या पेटीत टाकलं.

काल ती पेटी न्यायला त्यांची मुलगी आली. तिने मला तळहातावर उलटं केलं. पाठीवर बाबांचं अक्षर होतं: '४७. उशिरा बोलतो. थांबावे.'

मित्रांनो, जुन्या यंत्रांना जपा, हे मी सांगणारच होतो. पण निरोपावर तातडीची खूण आपली आपणच करायची असते. न केलेली खूण ऐकणाऱ्याला दिसत नाही.

दुरुस्तीच्या खोलीत दुसरं कोणी नव्हतं. ती मोठ्याने म्हणाली,

"बाबा, तातडीचं होतं. मला तिकडे एकटीला करमत नव्हतं. घरी यायचं होतं मला."